इंजिनाचा दम

ऐन थंडीत गहू पाण्यावर आलेला असतो आणि विहिरीवरचे इंजिन, हँडल मारून मारून दंड भरून आले तरी, धरत नाही. अशा वेळी आपण डिझेलला नाहीतर नोझलला दोष देतो. आधी कॉम्प्रेशन पाहा.

सायकलीत हवा भरताना पंपाचे बूड तापते ना? हवा झपाट्याने दाबली की तापतेच. डिझेल इंजिनाला प्लगची ठिणगी नसते. पिस्टन हवा दाबून मूळच्या सोळाव्या-अठराव्या हिश्शात कोंबतो, ती ५०० अंशांच्या वर तापते आणि त्यात उडालेले डिझेल आपोआप पेटते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरने १८९७ साली या तत्त्वावरचे इंजिन यशस्वी करून दाखवले.

पण दाबलेली हवा निसटली तर तापणार कशी? डिझेल बंद करा आणि डिकॉम्प्रेशनचा खटका न उचलता हँडल सावकाश फिरवा. अंगठा मात्र बोटांच्याच बाजूला ठेवा. उलटा झटका बसला तर मनगट जाते. हँडल अडून मागे रेटू लागले तर दम शाबूत आहे. सुळकन फिरले तर रिंगा झिजल्या, व्हॉल्व्ह नीट बसत नाही किंवा हेडचे पॅकिंग गेले.

रिंगा बहुधा धूळ खाते. एअर क्लीनर धुण्याचा कंटाळा म्हणून तो काढूनच ठेवणारे महाभाग आहेत! नव्या रिंगा टाकण्याआधी मिस्त्रीकडून लायनर मापून घ्या. तोच झिजला असेल तर रिंगांचे पैसे पाण्यात.