थांबणे हाही विश्वासच



उपवासकाळ सुरू झाला की आम्हा दोघांना एक रस्ता आठवतो. तो आपल्याकडचा नाही, अमेरिकेतला आहे. त्या रस्त्यावर आमच्या हातून एक चूक झाली, आणि ती आम्ही प्रार्थनेचे नाव घेऊनच केली. म्हणून ती इथे सांगावीशी वाटते.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीच्या शेवटी आम्ही मिशिगन राज्यात लेकीकडे होतो. थंडीला कंटाळलेले तिकडचे पुष्कळ लोक या दिवसांत दक्षिणेची वाट धरतात. पिकअप ट्रकच्या मागे ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे चाकांवरचे छोटे घर, जोडायचे आणि आय-७५ महामार्गाला लागायचे. ओहायो, केंटकी, टेनेसी, जॉर्जिया आणि मग फ्लोरिडा. डेट्रॉइटपासून फ्लोरिडाच्या सीमेपर्यंत सुमारे दीड हजार किलोमीटर. जावयांनीही तसाच बेत केला होता. लेक, जावई, सहा वर्षांची नात आणि आम्ही दोघे.

निघण्याच्या आदल्या दिवशी जावई चार तास ट्रेलरभोवती फिरत होते. छतावरचा बर्फ झाडला. नळांतले पाणी हिवाळ्याआधीच काढून त्यांत गुलाबी अँटिफ्रीझ भरलेले होते, कारण पाणी गोठले की नळ फुटतो. गोठणारा मुलूख मागे पडेपर्यंत टाकीत पाणी भरायचे नाही, डब्यांतल्या पाण्यावर भागवायचे. टायरमधली हवा तपासली, कारण तापमान साडेपाच अंश सेल्सियसने उतरले की हवेचा दाब सुमारे एक पौंडाने कमी होतो. मग सामानाचा हिशेब. ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार पुढच्या जोडावर यावा लागतो. आमचा ट्रेलर २,७०० किलोचा, म्हणजे जोडावर २७० ते ४०० किलो. मागच्या बाजूला भार जास्त झाला, तर ट्रेलर शेपटीसारखा हलू लागतो आणि पुढच्या गाडीलाही घेऊन जातो. शेवटी जोडाखालून दोन साखळ्या फुलीसारख्या घातल्या. जोड निसटलाच, तर ट्रेलरचे टोक रस्त्यावर न आपटता त्यांवर झेलले जावे म्हणून.

आम्ही खिडकीतून चहा पीत हे पाहत होतो. "एवढे कशाला? प्रार्थना करून निघू," असे म्हणालोसुद्धा.

निघालो तेव्हा लख्ख ऊन होते. टोलेडो मागे पडले. दुपार कलली तसा वारा सुटला. जावई म्हणाले, "पप्पा, मम्मी, वारा वाढतोय. पुढच्या गावी मुक्काम करू या का?" आम्ही दोघेही एकदम म्हणालो, "देव आहे ना आपल्याबरोबर! सिनसिनाटी गाठून टाकू." सासूसासऱ्यांचा शब्द त्यांना मोडवला नाही.

ओहायोचा तो भाग सपाट शेतांचा, वारा अडवायला काही नाही. अंधार पडता पडता एक मोठा मालट्रक शेजारून पुढे गेला आणि आमचा ट्रेलर डोलू लागला. डावीकडे, उजवीकडे, प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा. नात मागच्या सीटवर झोपली होती. जावयांनी गाडीचा ब्रेक दाबला नाही. पाय हलकेच उचलला, स्टिअरिंग सरळ धरले आणि डॅशबोर्डखालच्या कंट्रोलरची पट्टी हाताने सरकवून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावले. ट्रेलर सरळ झाला. बराच वेळ गाडीत कोणी बोलले नाही.

त्या रात्री आम्ही देवाचे आभार मानले. त्याने वाचवले हे खरेच. पण आमच्या हट्टामुळे वाचवावे लागले, हे प्रार्थनेत बोलायचे राहिले.

दुसऱ्या दिवशी केंटकीत खबर मिळाली की टेनेसीच्या हद्दीवर, जेलिकोच्या डोंगरात, जमिनीवर पडताच गोठणारा पाऊस येणार. तो काचेसारखा थर रस्त्यावर नुसता ओलावा असल्यासारखा दिसतो. पूल तर रस्त्याच्या आधी गोठतात, कारण गार वारा त्यांच्या खालूनही वाहतो. या वेळी जावयांनी आम्हाला विचारले नाही. लेक्सिंग्टनच्या दक्षिणेला एका कॅम्पग्राउंडवर गाडी वळवली. वीज होती, नळ हिवाळ्यापुरते बंद होते. दोन रात्री तिथेच. पुढच्या मुक्कामाचे भरलेले पैसे बुडाले. आम्ही थोडे रुसूनच बसलो, आणि वेळ जाईना म्हणून प्रेषितांच्या कृत्यांचा २७ वा अध्याय उघडला.

तो अध्याय आपल्याला पाठ आहे असे वाटते, पण त्या दिवशी तो वेगळाच दिसला. पौल कैदी म्हणून रोमला चालला आहे. उपवासाचा दिवस होऊन गेलेला, म्हणजे समुद्रप्रवासाचा हंगाम सरलेला. पौल सांगतो की पुढे जाण्यात धोका आहे. शताधिपती मात्र तांडेलाचे आणि तारवाच्या मालकाचे ऐकतो. बंदर हिवाळा काढायला सोयीचे नाही, म्हणून बहुतेकांचे मत निघावे असेच पडते. तेवढ्यात दक्षिणेचा मंद वारा सुटतो आणि सगळ्यांना वाटते, काम झाले. थोड्याच वेळात तुफान येते.

आमचे लख्ख ऊन म्हणजे तोच मंद वारा होता. आणि त्या तारवावरचे बहुमत म्हणजे आम्ही दोघे.

शेवटी २७६ जणांपैकी एकही दगावला नाही, पण तारू फुटले. वादळात पौल आधी सांगतो की माझे ऐकायला हवे होते, आणि मग देवाचे अभिवचन देतो. देव वाचवतो म्हणून निघण्याचा निर्णय बरोबर ठरत नाही. या दोन्ही गोष्टी त्याच माणसाने, त्याच तारवावर सांगितल्या आहेत. आपण मात्र दुसरीच लक्षात ठेवतो.

आमचे स्पष्ट मत आहे की आपल्या साक्षींमध्ये इथेच काहीतरी चुकते. अपघातातून वाचलेला उभा राहतो आणि सगळी मंडळी "हालेलुया" म्हणते. जो थांबला, ज्याच्या बाबतीत काहीच घडले नाही, तो कधी उभा राहत नाही. त्याच्याजवळ सांगायला असते तरी काय? तिसऱ्या दिवशी आम्ही जेलिकोचा डोंगर उतरलो तेव्हा रस्ता कोरडा होता. आदल्या दिवशी गेलो असतो तर काय झाले असते, हे आम्हाला कधीच कळणार नाही. तरीही आमची खरी साक्ष ओहायोतल्या सुटकेची नाही, केंटकीतल्या त्या दोन कंटाळवाण्या रात्रींची आहे.

उपवासकाळाच्या आरंभी आपण मोहाच्या परीक्षेचा पाठ ऐकतो. मंदिराच्या टोकावर सैतान शास्त्रवचनच पुढे करतो, देवदूत तुला झेलतील म्हणतो. प्रभू उडी मारत नाही. पित्यावर त्याच्याइतका भरवसा कोणाचा होता?

आपल्या मंडळ्या दूरदूर पांगलेल्या. लग्नासाठी, कन्व्हेन्शनसाठी इंदूर, वडोदरा, हैदराबादहून आपण भाड्याच्या गाड्या करून जातो आणि सोमवारी कामावर हजर व्हायचे म्हणून रातोरात परततो. दिवसभर गाडी चालवलेला ड्रायव्हर डोळे चोळत असतो आणि आपल्यातलेच कोणी वडीलधारे म्हणतात, "प्रार्थना झाली आहे, काढा गाडी." ते वडीलधारे आम्हीही होतो. त्या क्षणी एखादा तरुण "थांबू या" म्हणाला, तर त्याला अल्पविश्वासी म्हणू नका. कदाचित प्रार्थनेचे उत्तर त्याच्याच तोंडून आलेले असेल.

केंटकीतल्या दुसऱ्या रात्री आम्ही जावयांची माफी मागितली. ते नुसते हसले आणि टायरची हवा तपासायला बाहेर गेले. आम्ही टॉर्च धरायला त्यांच्यामागे गेलो.

प्रभू आपल्याला निघण्याचे धैर्य देवो, आणि थांबण्याचेही. आमेन.