रोजा थांबायला शिकवतो, बाजार घाई करतो

रमजानचा चंद्र दिसला की मशिदींत तरावीहच्या नमाजची तयारी सुरू होते आणि मोबाइलवर जाहिरातींची रांग लागते. खजूर, अत्तर, कुर्ते, शरबत इथपासून मिक्सर आणि नव्या फोनपर्यंत सारे काही ‘रमजान स्पेशल’ होते. हा अनुभव केवळ मुस्लिम घरांचा नाही. २०२५ मध्ये गुढीपाडवा ३० मार्चला आणि ईद ३१ मार्चला आली. सण दोन असले, तरी दोन्ही घरांना बाजाराचे सांगणे एकच असते: आजच घ्या, उद्या मिळणार नाही.

रोजाचे सांगणे याच्या नेमके उलट आहे. कुरआनच्या सूरह बकरामध्ये रोजाचा हेतू ‘तकवा’ असा सांगितला आहे. तकवा म्हणजे ईश्वराचे भान ठेवून जपून पाऊल टाकणे. दुपारी रोजेदारासमोर पाण्याचा ग्लास असतो. ते पाणी त्याचेच असते, हलाल असते, पाहणारेही कोणी नसते. तरीही मगरिबच्या अजानपर्यंत तो थांबतो. इच्छा झाली की लगेच कृती करायची नाही, मध्ये थोडे थांबायचे, याचा हा महिनाभराचा सराव आहे. एकादशी, चातुर्मास किंवा पर्युषण पाळणाऱ्यांना हा सराव परका वाटणार नाही.

आजच्या बाजाराला नको असते ते नेमके हे थांबणे. पूर्वी वस्तू घ्यायची तर बाजारात जावे लागे, भाव करावा लागे, खिशातल्या नोटा मोजाव्या लागत. त्या वेळात ‘खरेच हवे आहे का?’ हा प्रश्न मनात येऊन जाई. २०१६ मध्ये यूपीआय आले, कार्डाचा तपशील अ‍ॅपमध्ये साठवला जाऊ लागला, हप्त्याची सोय एका बटणावर आली आणि काही मिनिटांत सामान दारात येऊ लागले. सोय झाली, यात शंका नाही. मात्र विचाराला मिळणारा वेळ त्याच सोयीने कमी केला. शिवाय फोनवरची जाहिरात भिंतीवरच्या फलकासारखी सर्वांना सारखी नसते. कोण कोणत्या वस्तूपाशी रेंगाळला, याची नोंद होते. त्या नोंदीवरून त्याला काय दाखवायचे, याचा लिलाव क्षणार्धात उरकतो. माहितीची रेलचेल झाली की माणसाच्या लक्षाचा दुष्काळ पडतो, असे अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच सांगून ठेवले होते. आज त्या लक्षाचाच व्यापार होतो आहे.

या व्यापारातील लबाडीची दखल सरकारनेही घेतली. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’ रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. त्यात फसवणुकीचे १३ प्रकार दिले आहेत. ‘फक्त दोनच शिल्लक’ असे खोटे सांगून घाई करणे, ग्राहकाला न विचारता बिलात विमा किंवा देणगी घुसवणे, नकार देणाऱ्याला लाजवणारे शब्द वापरणे, सुरुवातीला कमी किंमत दाखवून शेवटी शुल्क वाढवणे, सदस्यत्व घेणे सोपे आणि सोडणे अवघड करणे, हे त्यातील काही. जून २०२५ मध्ये प्राधिकरणाने ऑनलाइन विक्री मंचांना तीन महिन्यांत स्वतःची तपासणी करण्याचा सल्लाही दिला. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

कायदा नवा असला तरी तत्त्व जुने आहे. मदीनेच्या बाजारातील एक प्रसंग हदीसमध्ये येतो. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या एका ढिगात हात घातला, तर आतले धान्य ओले लागले. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणाऱ्याचा आपल्याशी संबंध नाही, असे बजावले. स्क्रीनवरचे लपवलेले शुल्क म्हणजे ढिगाखालचे तेच ओले धान्य.

मात्र कायदा फसवणूक रोखू शकतो, हाव नाही. अकराव्या शतकातील विचारवंत इमाम गझाली यांनी ‘इह्या’ या ग्रंथात रोजेदारांनाच याबाबत सुनावले आहे. दिवसभर सोडलेले जेवण संध्याकाळी भरून काढले आणि इतर महिन्यांत नसतात इतके पदार्थ रमजानसाठी जमवले, तर रोजाचा लाभ काय, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. मराठीत यालाच ‘एकादशी दुप्पट खाशी’ म्हणतात.

याची झळ सर्वाधिक बसते ती हातावर पोट असलेल्या घराला. मुले शेजारच्या मुलांचे कपडे पाहतात, फोनवर कोणा अनोळखी घराचा थाटाचा दस्तरखान पाहतात आणि आईबाप हप्त्यावर ईद साजरी करतात. ईदचा शीरखुर्मा एका दिवसात संपतो, हप्ते पुढे कित्येक महिने चालतात. वास्तविक ईदला आपल्याकडचे चांगले, स्वच्छ कपडे घालावेत, एवढेच अपेक्षित आहे. नवेच हवेत, अशी धर्माची अट नाही. उलट ज्याच्याकडे ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त बचत आहे, त्याने वर्षाला अडीच टक्के जकात द्यावी आणि ईदच्या नमाजआधी फितरा गरजूंपर्यंत पोहोचावा, यावर धर्माचा भर आहे. घरातली मिळकत अनावश्यक खरेदीत गेली, तर या वाट्याला कात्री लागते.

याचा अर्थ खरेदी करूच नये असा नाही. पैगंबर स्वतः व्यापार करत. गावातले शिंपी, फळविक्रेते, शेवया करणाऱ्या महिला यांची वर्षाची कमाई बरीचशी याच महिन्यावर अवलंबून असते. सूरह फुरकानमध्ये उधळपट्टी आणि कंजूषी या दोहोंच्या मधली वाट सांगितली आहे. ती शोधण्यासाठी ‘मुहासबा’ म्हणजे स्वतःचा हिशेब स्वतः घेणे उपयोगी पडते. इफ्तारनंतर फोनवर निवडलेली वस्तू लगेच न मागवता दुसऱ्या दिवसापर्यंत तशीच ठेवावी. ही गरज आपली की जाहिरातीने सुचवलेली, हे स्वतःला विचारावे. सवलतींच्या सूचना बंद कराव्यात. जे घ्यायचे ते शक्यतो ओळखीच्या दुकानातून, रोख मोजून घ्यावे.

पाण्याच्या ग्लासासमोर तेरा-चौदा तास थांबू शकणाऱ्याला ‘आत्ताच खरेदी करा’ या बटणासमोर एक रात्र थांबणे अवघड नाही. ही सवय ईदनंतरच्या अकरा महिन्यांतही टिकली, तर रोजा खऱ्या अर्थाने पदरात पडला.