वर्गातील पडद्यावर अधिकार कोणाचा?

शिक्षणक्षेत्रात नवे साधन अवतरले की समाजात दोन तट पडतात. एका तटाला त्यात सर्व व्याधींवरचे औषध दिसते, तर दुसऱ्याला संस्कारांचा ऱ्हास. महाजालावर चालणारी आणि विद्यार्थ्याच्या प्रत्येक कृतीला तत्काळ प्रतिसाद देणारी संवादी साधने आता जिल्हा परिषदेच्या शाळांपासून महानगरांतील विद्यालयांपर्यंत पोहोचली आहेत आणि त्यांच्याबाबतीतही हेच घडते आहे. राष्ट्रीय विचारांच्या घरांमध्ये तर पडदा म्हणजे करमणूक आणि करमणूक म्हणजे अभ्यासाचा नाश, असे समीकरण बरेचदा मांडले जाते. भ्रमणध्वनीत मान घालून बसलेली मुले रोज पाहणाऱ्या पालकांनी असे म्हणावे, यात नवल नाही. मात्र मुलाच्या हातातला एकट्याचा पडदा आणि शिक्षकाच्या देखरेखीखाली चाळीस मुलांनी मिळून पाहिलेला पडदा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा भेद लक्षात न घेता केलेला विरोध जितका निष्फळ, तितकेच शाळेच्या माहितीपत्रकात ‘डिजिटल वर्ग’ असे ठळक छापून केलेले स्वागतही पोकळ आहे.

उदाहरण मकरसंक्रांतीचेच घ्यावे. संक्रांतीला उत्तरायण सुरू होते, असे घरोघरी सांगितले जाते. भूगोलाचे पाठ्यपुस्तक मात्र २२ डिसेंबरची तारीख देते. मुलाने शंका विचारली की एकतर पुस्तक खोटे ठरते किंवा आजी. ‘स्टेलॅरियम’ हे आकाशदर्शनाचे मुक्त साधन कोणत्याही शाळेला विनामूल्य मिळते. त्यात वातावरणाचा उजेड मालवून भर दुपारी सूर्यामागचे तारे पाहता येतात आणि दिनांक हवा तितका मागेपुढे नेता येतो. आज सूर्य दक्षिणेच्या टोकाला पोहोचतो तो २१-२२ डिसेंबरला आणि निरयन मकर राशीत शिरतो तो त्यानंतर तीन आठवड्यांहून अधिक काळाने. शतके मागे नेत गेले की हे अंतर आक्रसत जाते. सुमारे १७०० वर्षांपूर्वी दोन्ही घटना एकाच सुमारास घडत होत्या. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्याच्या आसाप्रमाणे अतिशय संथपणे डोलतो, त्याचा हा परिणाम. सुमारे ७२ वर्षांत एक अंश, इतकी ही अयनचलनाची गती. म्हणजे आजीने जे सांगितले ते एका काळी अक्षरशः खरे होते आणि पुस्तकात छापले आहे ते आज खरे आहे.

हाच धागा पुढे नेला तर इतिहासाचा तास सुरू होतो. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा आणि तो दिवस मकरसंक्रांतीचा होता. आज संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येते. मग १२ तारखेला संक्रांत कशी, हा प्रश्न सातवीतल्या मुलालाही पडू शकतो आणि दिनांकाचे चक्र मागे फिरवून त्याला उत्तर स्वतः शोधता येते. त्याहून थोडे मागे गेले की एक अडचणीचा प्रश्न उभा राहतो. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांचे अपरिमित बलिदान झाले. तो संक्रांतीचा दिवस होता, असे व्याख्यानांतून वारंवार सांगितले जाते. ‘संक्रांत कोसळली’ या वाक्प्रचाराशीही त्याची सांगड घातली जाते. गणित मात्र त्या वर्षीची संक्रांत १० जानेवारीच्या आसपास दाखवते. भाऊसाहेब आणि विश्वासराव यांचे शौर्य तिथीच्या योगायोगावर अवलंबून नाही, हे खरे; पण आपल्याच व्यासपीठांवरून सांगितल्या जाणाऱ्या एका गोष्टीची पडताळणी शाळकरी मुलगा करू शकतो, हे साधनाचे खरे सामर्थ्य आहे. ते ज्यांना गैरसोयीचे वाटेल, त्यांनी अशी साधने वर्गात आणण्याचा आग्रह धरू नये.

या परंपरेचे पूर्वज याच मातीतले आहेत. मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित हे व्यवसायाने शिक्षक. शतपथ ब्राह्मणात कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत असा उल्लेख आहे, त्यावरून त्यांनी अयनचलनाचे गणित मांडून तो काळ इसवी सनापूर्वी ३००० च्या सुमाराचा ठरवला. लोकमान्य टिळकांचा ‘ओरायन’ १८९३ चा. वसंतसंपात मृगशीर्षात होता त्या काळाचा माग त्यात घेतलेला आहे. दोघांनी हे काम हाताने आकडेमोड करून केले. त्यांचे निष्कर्ष सर्व विद्वानांना मान्य झाले, असे नाही. ‘पूर्व’ या शब्दाचा अर्थ काय घ्यायचा, यावरही वाद आहे. शाळेने हा वादही मुलांपुढे ठेवावा. पडद्यावर पाच हजार वर्षांपूर्वीच्या कृत्तिका उगवताना दिसल्या, एवढ्याने ग्रंथाचा काळ सिद्ध होत नाही. निरीक्षणापासून अनुमानापर्यंतची वाट किती निसरडी असते, हे मात्र मुलांना नक्की कळते.

येथेच साधनासाधनांतला फरक ध्यानात घ्यावा लागतो. नुसती चित्रफीत लावून शिक्षक मागे जाऊन बसले, तर तो चित्रपटाचा खेळ झाला. संवादी साधनाचा उपयोग प्रश्नापासून सुरू होतो. नोबेल पुरस्कारप्राप्त पदार्थवैज्ञानिक कार्ल वीमन यांनी कोलोरॅडो विद्यापीठात २००२ साली ‘फेट’ हा प्रकल्प सुरू केला. त्यात विद्युतमंडल जोडणे, लंबकाची लांबी बदलणे, आम्लाची तीव्रता मोजणे असे प्रयोग पडद्यावर करता येतात. दोन दिवे एकापाठोपाठ जोडले तर प्रकाश वाढेल की घटेल, हे शिक्षकाने आधी विचारायचे, मुलांनी वहीत लिहायचे, शेजाऱ्याशी वाद घालायचा आणि मगच कळ दाबायची. अंदाज चुकला की मूल खऱ्या अर्थाने विचार करू लागते. हा क्रम मोडला की उरते ते फक्त बोटांचे चाळे. प्रत्यक्ष तार, घट आणि दिवा हाती देणे शक्य असेल तेथे तेच आधी द्यावे, हे सांगण्याचीही वेळ आता आली आहे. कोसबाडला ताराबाई मोडकांनी शिंपले, बिया आणि पाने यांतून बालशिक्षण उभे केले. त्याची जागा कोणताही पडदा घेऊ शकत नाही.

आता मूळ प्रश्न. ही साधने कोणाच्या मालकीची आहेत? ‘फ्लॅश’ या तंत्रावर शेकडो शैक्षणिक प्रयोग आणि खेळ उभे होते. कंपनीने ३१ डिसेंबर २०२० रोजी त्याचा आधार काढून घेतला आणि ज्यांचे रूपांतर कोणी केले नाही, असे प्रयोग एका दिवसात मूक झाले. महामारीच्या काळात असंख्य शिक्षकांनी गूगलच्या ‘जॅमबोर्ड’ या सामायिक फळ्यावर पाठ रचले; २०२४ च्या अखेरीस तो फळाही बंद झाला. शिक्षकाने रात्री जागून केलेली मेहनत परक्याच्या जागेत ठेवलेली होती, एवढाच याचा अर्थ. मालक भारतीय असला म्हणजे चिंता मिटते, असेही नव्हे. ऑस्ट्रियातील मार्कुस होहेनवार्टर यांनी विकसित केलेले भूमितीचे ‘जिओजेब्रा’ हे उत्कृष्ट साधन २०२१ च्या डिसेंबरमध्ये बायजूज या भारतीय कंपनीने विकत घेतले, तेव्हा काहींनी अभिमानाने माना उंचावल्या. २०२४ साली त्याच कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. स्वदेशी म्हणजे मालकाचे आडनाव नव्हे. साधन समाजाच्या हाती राहणे, त्याची प्रत शाळेच्या संगणकावर जपून ठेवता येणे आणि उद्या कंपनी बुडाली तरी पाठ चालू राहणे, हे स्वदेशीचे खरे लक्षण आहे. युनेस्कोने २०२३ च्या शिक्षणविषयक जागतिक अहवालात, हे तंत्रज्ञान कोणाच्या अटींवर, हाच प्रश्न शीर्षकातच विचारला, हेही येथे नोंदवावेसे आहे.

विनामूल्य साधनाची किंमत बहुधा मुलांच्या माहितीतून वसूल होते. नाव, वय, चुकलेली उत्तरे, पडद्यापुढे घालवलेला वेळ हे सारे कोठेतरी साठत असते. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली झालेल्या कायद्याने १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक ठरवली आणि मुलांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींना मनाई केली. शैक्षणिक संस्थांना काही सवलती आहेत. तरीही पालकसभेत हा विषय निघतो तो किती शाळांमध्ये? गणवेशाच्या रंगावर तासभर चर्चा होते. मुलांची खाती कोणत्या नावाने उघडली, हे कोणी विचारत नाही. एका सामायिक पडद्यावर, कोणाचेही खाते न उघडता बहुतेक पाठ घेता येतात. तेवढा आग्रह पालकांनी धरला तरी पुष्कळ साधेल.

देशी प्रयत्न नाहीत असे नाही. अमृता विश्व विद्यापीठम् आणि सी-डॅक मुंबई यांनी नववी ते बारावीच्या प्रयोगांसाठी उभारलेली ‘ऑनलाइन लॅब्स’ मराठीतही उपलब्ध आहे. इस्रोचे ‘भुवन’ २००९ पासून आपल्या तालुक्याचा, आपल्या नदीचा नकाशा दाखवते. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली आणि २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळवून त्यातील निम्मी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटली. या कामाचा आरंभ कोणत्या कंपनीच्या कार्यालयात झाला नव्हता.

उणीव आहे ती भाषेची. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये किमान पाचवीपर्यंत आणि शक्यतो आठवीपर्यंत मातृभाषेतून शिक्षणाचा पुरस्कार आहे. पण पडद्यावरची सूचना इंग्रजीत असली की मराठी शाळेतले मूल प्रयोग सोडून शब्दांशी झगडू लागते. ‘फेट’चे प्रयोग मुक्त परवान्याखाली आहेत आणि त्यांचे भाषांतर जगभर स्वयंसेवकच करतात. मराठीत काही झाले आहे, ते वाढवायला कोणाच्या अनुमतीची गरज नाही. निवृत्त विज्ञानशिक्षक आणि संगणकक्षेत्रातील तरुण कार्यकर्ते असे दोघे एकत्र बसले तर एका प्रयोगाचे भाषांतर ही काही संध्याकाळींची बाब आहे. संज्ञा पाठ्यपुस्तकातल्याच घ्याव्यात. नव्या संस्कृतप्रचुर संज्ञा घडवण्याचा मोह टाळावा, कारण मुलाला परीक्षेत ‘रोध’ लिहायचा आहे.

सेवावस्तीतील अभ्यासिकांमध्ये दहावीची मुले संध्याकाळी जमतात. तेथे एक जुना संगणक, एक प्रक्षेपक आणि पांढरी भिंत एवढ्यावर आठवड्यातून एक तास चालवता येतो. महाजालाची जोडणी नसली तरी ‘स्टेलॅरियम’ आणि ‘फेट’चे प्रयोग आधी उतरवून ठेवता येतात. येत्या २१ डिसेंबरपासून संक्रांतीपर्यंत रोज सूर्यास्ताची जागा मुलांनी गच्चीवरून पाहून वहीत टिपावी आणि मग ती भिंतीवरच्या आकाशाशी ताडून पाहावी. पडद्यापेक्षा गच्चीवर अधिक वेळ जाईल, अशी ही योजना आहे.