बिनकाळजीचं झाड नसतं



गेल्या जुलैत लेकीच्या शाळेतून निरोप आला: वनमहोत्सव आहे, प्रत्येकाने वर्गासाठी ‘कमी काळजीचं’ एक झाड आणावं. ३९ कुंड्या जमल्या, फोटो निघाले. यंदा जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा जिवंत होत्या फक्त दोन. बाई म्हणाल्या, “असू द्या, नवीन आणू.”

मला खुपलं ते हे वाक्य. पाठशाळेत लेक शिकते की वनस्पती हा एकेंद्रिय जीव आहे. शाळेत ती शिकली की जीव वाळला तर दुसरा विकत मिळतो.

पण दोष एकट्या बाईंचा नाही. ३९ कुंड्या ३९ घरांतून गेल्या, त्यात माझीही होती. आपण कंदमूळ सोडतो, पाणी गाळून पितो. कुंथलगिरीला मुनिमहाराज हिरवळ टाळून पाय ठेवतात, हे मुलांना बोट दाखवून सांगतो. आणि हौसेने आणलेलं झाड बंद वर्गात विसरतो. निष्काळजीपणाने, विनाकारण केलेली हिंसा म्हणजेच अनर्थदंड. त्याला दुसरं नाव नाही.

काहीजणी म्हणतील, मग झाड आणूच नये. मला ते पटत नाही. जीव सांभाळल्याशिवाय मुलांना दया कळणार कशी? आणा, पण मोजकी आणा. एका वर्गाला चार कुंड्या पुष्कळ.

‘कमी काळजी’ म्हणजे काय तेही समजून घ्या. स्नेक प्लांट पानांत पाणी साठवतो. त्याला दोन-तीन आठवड्यांनी पाणी पुरतं. तो तहानेने मरत नाही, चाळीस मुलांनी रोज ओतलेल्या पाण्याने मुळं कुजून मरतो. मनी प्लांटचं उलट: आपल्याकडच्या मे महिन्याच्या झळांत, कुलूपबंद वर्गात, दीड महिना तो बिनपाण्याचा तगत नाही. आणि तो बाटलीतल्या पाण्यात तर ठेवूच नका. आठ-दहा दिवसांत त्यात डास होतात, मग फवारणी येते. एका एकेंद्रियाच्या हौसेपायी शेकडो चतुरिंद्रियांचा घात!

म्हणून पालकसभेत दोनच गोष्टी मागा. पाणी घालायची पाळी एका वेळी एकाच मुलाची, तीही मातीत बोट घालून, ती कोरडी लागली तरच. आणि उन्हाळी सुट्टीत कोणती कुंडी कोणाच्या घरी जाणार, ते झाड आणायच्या आधी ठरलेलं असावं. घर ठरत नसेल, तर झाड आणू नये.

आमच्या वर्गातल्या त्या दोन कुंड्या सध्या माझ्या ओट्यावर आहेत. नवीन झाड मी दिलेलं नाही.