आधी पट्टा, मग पिस्तूल

मंडळी, या शनिवारचा विषय जरा वेगळा आहे. पुण्या-मुंबईच्या वाचकांना तो परग्रहावरचा वाटेल, पण इथे टेक्ससमध्ये लोक जेवणाच्या टेबलावर गाड्या, घरकर्जाचे व्याजदर आणि पिस्तुलं या तिन्हींवर सारख्याच सहजपणे बोलतात. आपली मराठी मंडळीही त्यात आता मागे नाहीत. ग्रीन कार्ड झालं, घर झालं, मग कोणीतरी मित्र शूटिंग रेंजवर घेऊन जातो आणि दोन-तीन महिन्यांत फोन येतो, "काय रे, कोणतं पिस्तूल घेऊ?"

माझं उत्तर ठरलेलं असतं. आधी पट्टा घे, मग होल्स्टर घे, आणि उरलेल्या पैशात बसेल ते पिस्तूल घे. समोरच्याला वाटतं मी चेष्टा करतोय. आपल्याकडे म्हण आहेच ना, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! पण मी अगदी गंभीरपणे सांगतोय. का, ते आज जरा विस्तारानं लिहितो.

त्याआधी दोन गोष्टी. एक, सामान्य माणसानं पिस्तूल बाळगावं की नाही हा वाद आज मी घालणार नाही. घरोघरी दोन्ही बाजूंची माणसं आहेत, माझ्या घरीसुद्धा :) दुसरी गोष्ट कायद्याची. एच-१बी सारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्यांना, शिकारीच्या वैध लायसन्ससारखे मोजके अपवाद सोडले तर, इथला संघीय कायदा शस्त्र बाळगूच देत नाही. तेव्हा त्यांनी हा लेख फक्त करमणूक म्हणून वाचावा. टेक्ससमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या आणि कायद्यानं अपात्र नसलेल्या माणसाला परवान्याशिवायही पिस्तूल बाळगता येतं, पण राज्याची सीमा ओलांडली की नियम बदलतात. आपापल्या राज्याचा कायदा आधी नीट वाचा.

आता मुद्द्यावर येतो.

ग्लॉक १९ हे इथलं एक अतिशय खपाऊ पिस्तूल. भरलेलं असताना त्याचं वजन साधारण ८५० ग्रॅम. म्हणजे दुधाची लिटरची पिशवी थोडी कमी भरून कमरेला बांधा आणि दिवसभर फिरा, तसं काहीसं. त्याला बाहेरून दाबायचा वेगळा सेफ्टीचा खटका नसतो. आतल्या सेफ्टी असतात, पण त्या सगळ्या चाप ओढला की आपोआप सुटतात. तशी त्यांची रचनाच आहे. याचा अर्थ सरळ आहे. गोळी चेंबरमध्ये असेल तर तुमचं बोट, शर्टाचं टोक किंवा जॅकेटची दोरी चापाला लागू न देणं हे काम होल्स्टरचं आहे. पिस्तुलाला जो खटका नाही, तो खटका म्हणजे होल्स्टर. मग त्याला 'ॲक्सेसरी' म्हणून शेवटी उरलेल्या वीस डॉलरमध्ये कसं काय उरकायचं?

प्लॅक्सिको बरेसची गोष्ट अनेकांना आठवत असेल. न्यूयॉर्क जायंट्सचा हा खेळाडू. फेब्रुवारी २००८ मध्ये त्यानं सुपर बोलमध्ये विजयी टचडाऊन केला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरच्या शेवटी न्यूयॉर्कच्या एका नाइटक्लबमध्ये स्वतःच्याच मांडीत गोळी घातली. पिस्तूल नुसतं पँटच्या कमरेत खोचलेलं होतं, ते घसरलं, तो सावरायला गेला आणि बार उडाला. न्यूयॉर्कचा परवाना नव्हता म्हणून दोन वर्षांची शिक्षाही झाली. कनवटीला पैसे खोचावेत, पिस्तूल नव्हे.

पण सुरक्षिततेचं हे झालं अर्धंच. उरलेलं अर्धं आरामाशी निगडित आहे, आणि माझ्या मते लोक नेमकं तेच हसण्यावारी नेतात. आपल्या धंद्यातला अनुभव आठवा. पासवर्ड दर महिन्याला बदला, सोळा अक्षरी ठेवा, जुना वापरू नका असे नियम लावले की काय होतं? माणूस पासवर्ड पिवळ्या चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवतो. जी सुरक्षा गैरसोयीची असते तिला लोक फाटा देतात. कंबरेवरच्या पिस्तुलाचंही अगदी तसंच होतं. ते टोचायला लागलं की माणूस पहिल्या आठवड्यात ते सहन करतो, दुसऱ्या आठवड्यात गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकतो आणि तिसऱ्या आठवड्यात ते तिथंच राहतं. गाडीची काच फोडायला चोराला कितीसा वेळ लागतो? गाड्यांमधून चोरीला गेलेली पिस्तुलं ही अमेरिकेतल्या पोलिसांची कायमची डोकेदुखी आहे.

किंवा मग ते पर्समध्ये जातं. ३० डिसेंबर २०१४ रोजी आयडाहो राज्यातल्या हेडन गावी वॉलमार्टमध्ये काय झालं ते वाचलंय तुम्ही? खरेदीच्या ढकलगाडीत बसलेल्या दोन वर्षांच्या मुलानं आईच्या पर्समधून पिस्तूल काढलं आणि त्याच्या हातून आई गेली. ती पर्स पिस्तुलासाठी खास कप्पा केलेली होती. तिला शस्त्रं हाताळायची सवयही होती. तेव्हा अंगापासून सुटलेलं पिस्तूल कोणाच्या हातात जाईल हे आपल्या ताब्यात राहत नाही. घरात लहान मूल असेल तर हा मुद्दा दोनदा वाचा.

म्हणून माझं म्हणणं असं की आराम ही चैन नाही. पिस्तूल दिवसभर जागेवर राहील की नाही हे आरामावरच ठरतं.

आता पट्ट्याकडे वळू. मॉलमधला पट्टा पँट वर राहावी एवढ्यासाठी केलेला असतो. त्याला एका बाजूला पाऊण-एक किलो लटकवलं की तो पिळवटतो, होल्स्टर बाहेरच्या बाजूला कलतं आणि शर्टातून मूठ दिसायला लागते. मग माणूस काय करतो? पट्टा आणखी एक भोक आवळतो. आता पोटात कळ येते आणि शिव्या मात्र होल्स्टरला पडतात. पिस्तुलासाठीचा पट्टा आडव्या बाजूनं कडक असतो. तो वजन पूर्ण कमरेवर वाटून देतो, त्यामुळे कमी आवळला तरी चालतो. पारखायची युक्ती सोपी आहे. दुकानात पट्टा कडेवर उभा धरा, दोन्ही टोकं हातात घ्या आणि पिळून बघा. ओल्या टॉवेलसारखा पिळला गेला तर परत ठेवा.

आणखी एक बारकावा. साध्या पट्ट्याच्या दोन भोकांत सुमारे एक इंचाचं अंतर असतं. जेवणाआधी एक भोक सैल आणि जेवणानंतर तेच भोक घट्ट हा अनुभव सगळ्यांनाच आहे. भोकांऐवजी पाठीमागे बारीक दाते असलेले पट्टे मिळतात, ते पाव-पाव इंचानं सैल करता येतात. पुरणपोळीच्या दिवशी याची किंमत कळते! रुंदी दीड इंच घ्या आणि होल्स्टरची क्लिपही दीड इंचाचीच घ्या. क्लिप मोठी असेल तर होल्स्टर दिवसभर पुढेमागे सरकतं, आणि पिस्तूल उपसताना क्लिप पट्टा सोडून होल्स्टरसकट वर येऊ शकते.

होल्स्टरमध्ये कातडं की प्लॅस्टिक हा न संपणारा वाद आहे. कातडं अंगाला मऊ लागतं, पण घामानं आणि वर्षांनी नरम पडतं. तोंडाशी नरम पडलेलं कातडं पिस्तूल आत ठेवताना दुमडून चापापर्यंत जाऊ शकतं. कायडेक्स नावाचं कडक प्लॅस्टिक पिस्तुलाच्या नेमक्या आकारात साचेबद्ध केलेलं असतं आणि घामाला दाद देत नाही. ह्यूस्टनचा उन्हाळा म्हणजे मुंबईचा मे महिना, तोही लांबलेला. माझं मत कायडेक्सला. टोचतं म्हणाल तर मध्ये एक बनियन घाला, अर्धी तक्रार तिथंच संपते.

जागा कुठली? बहुतेक लोक उजव्या कमरेच्या किंचित मागे किंवा पोटाच्या पुढे, पँटच्या आतून लावतात. पाठीच्या कण्यावर मात्र लावू नका. पडलात तर थेट मणक्याखाली लोखंड येतं. पुढे लावणाऱ्यांची तक्रार असते की बसल्यावर पोटात रुततं. आपल्या लोकांची ठेवण बघता, म्हणजे पाय बारीक आणि पोट मात्र ऐसपैस, ही तक्रार खरी आहे. इथे एक उलटी वाटणारी गोष्ट सांगतो. आखूड होल्स्टरपेक्षा थोडं लांब होल्स्टर पुष्कळदा जास्त आरामदायक वाटतं. खालचा लांब भाग शरीराला टेकतो आणि वरची मूठ आपोआप पोटाकडे वळते. त्याच कामासाठी होल्स्टरच्या खालच्या टोकाला आतून फोमचा छोटा तुकडा लावतात. आणि पँट? नेहमीपेक्षा कमरेला दोन इंच मोठी. यावर तोडगा नाही.

घेण्यापूर्वी परतीची अट बघा. आणल्यावर पिस्तूल रिकामं करा, दोनदा तपासा, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवा आणि मग एवढं करून पाहा. चाप पूर्ण झाकला जातो का? पलंगावर उलटं धरून हलवलं तर पिस्तूल पडत नाही ना? पिस्तूल काढल्यावर होल्स्टरचं तोंड उघडं राहतं का, की मिटतं? पहिल्या झटक्यात पूर्ण मूठ हातात येते का? मग आठवडाभर घरी रिकाम्या पिस्तुलासकट वावरा. गाडीत बसा, बुटाची नाडी बांधा, खाली पडलेलं खेळणं उचला आणि हो, संडासलाही जाऊन या. हसू नका. सार्वजनिक स्वच्छतागृहात पिस्तूल विसरून आलेल्यांच्या बातम्या इथे अधूनमधून येतच असतात.

ऑफिसवाल्यांसाठी एक जादा सूचना. अनेक कंपन्या आत शस्त्र आणू देत नाहीत. टेक्ससमध्ये २०११ च्या कायद्यानं कर्मचाऱ्याला कुलूपबंद गाडीत ते ठेवण्याची मुभा आहे, म्हणजे रोज काढणं-घालणं आलंच. तेव्हा असं होल्स्टर घ्या जे पिस्तुलासकट एका हातानं पट्ट्यावरून निघेल. चाप झाकलेलाच राहतो आणि पार्किंगमध्ये बसून नुसत्या पिस्तुलाशी झटापट होत नाही. सीटच्या लोखंडाला केबलनं बांधलेली छोटी तिजोरीही लागेल. डॅशबोर्डचा कप्पा म्हणजे तिजोरी नव्हे.

आता हिशोब. बरा पट्टा ४० ते ६० डॉलर, बरं कायडेक्स होल्स्टर ६० ते ९०. दीडशेच्या आत सगळं बसतं. माझ्या एका मित्राच्या खणात 'सगळ्या पिस्तुलांना बसेल' छापाची नायलॉनची सात होल्स्टरं पडली आहेत, सरासरी वीस डॉलरची. म्हणजे १४० डॉलर झाले आणि कमरेला अजून काही नाहीच. सगळ्यांना बसणारा सदरा कोणालाच नीट बसत नाही, हे शिंप्यालाही ठाऊक असतं.

काही जण म्हणतात, एवढा खटाटोप कशाला, पिस्तूलच छोटं घ्या. २०१८ साली आलेलं सिग पी३६५ रिकामं असताना जेमतेम पाचशे ग्रॅमचं आहे आणि ते लोकप्रिय झालं ते याच कारणानं. मुद्दा बरोबर आहे. पण लहान पिस्तुलाचा झटका हाताला जास्त बसतो, मग सराव कमी होतो. आणि पिळवटणाऱ्या पट्ट्यावर तेही लटकतंच.

थोडक्यात काय, तर बजेट ठरवताना दीडशे डॉलर आधी बाजूला काढा. पिस्तूल त्यात बसत नसेल तर स्वस्तातलं किंवा वापरलेलं पिस्तूल बघा, होल्स्टर स्वस्तातलं बघू नका. आणि चांगला पट्टा, चांगलं होल्स्टर घेऊन महिनाभरानंतरही ते रोज गाडीतच काढून ठेवावंसं वाटत असेल, तर ते घरी तिजोरीत कुलूप लावून ठेवा आणि बिनापिस्तुलाचे फिरा. त्यात कमीपणा काही नाही. पिस्तूल एकतर अंगावर, नाहीतर कुलपात. मधली जागा चोराची, नाहीतर आपल्याच पोराची.