कौतुक ओसरते, धीर टिकतो

दहावीचा निकाल लागला की आमच्या मोहन्यात पेढे वाटले जातात आणि ‘केवढी हुशार मुलगी!’ हे वाक्य घरोघरी ऐकू येते. वाक्य प्रेमाचे, पण कधीकधी बाधणारे. हुशार ठरलेल्या मुलाला ते बिरुद सांभाळावे लागते. अवघड गणित समोर आले की ते सुटेल का, यापेक्षा आपले पितळ उघडे पडेल का, हीच धास्ती मोठी होते.

क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक यांचे अमेरिकेतील प्रयोग 1998 साली प्रसिद्ध झाले. पाचवीतल्या मुलांनी कोडी सोडवल्यावर काहींना ‘हुशार आहेस’ म्हटले, काहींना ‘मेहनत घेतलीस’. मग मुद्दाम अवघड कोडी दिली. सगळेच अडले. पुन्हा पहिल्यासारखी कोडी दिली, तेव्हा ‘हुशार’ मुले आधीपेक्षा मागे पडली आणि मेहनतीची दाद मिळालेली पुढे गेली.

हा विचार आपल्याला अगदीच परका नाही. ताराबाई मोडक यांनी 1945 साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीत बालशिक्षणाचे काम उभे केले. त्यांनी ज्या माँटेसरी पद्धतीला इथल्या मातीत रुजवले, तिने शिक्षेबरोबर बक्षिसालाही फाटा दिला आहे. मुलाला गोडी लागावी ती कामाची, शाबासकीची नव्हे.

मोहन्याला हे वेगळे सांगायला नको. 2009 साली एनआरसी कारखाना बंद पडला, तेव्हा कित्येक घरांना नव्याने सुरुवात करावी लागली. अशा वेळी जुनी गुणपत्रिका कामी येत नाही. न येणारे काम शिकायची तयारी कामी येते.

मग मुलांचे कौतुक करूच नये का? जरूर करावे, आनंद कशाला लपवायचा? पण शाबासकी यशाच्या दिवशीच मिळते; धीराची गरज अपयशाच्या दिवशी असते. त्या दिवशी ‘कुठे अडलं, दाखव बघू’ म्हणत शेजारी बसावे. ‘गेल्या महिन्यात भागाकार जमत नव्हता, आता जमतो ना?’ याची आठवण द्यावी. रीत चुकत असेल तर तेही स्पष्ट सांगावे, कारण खोटी स्तुती मुले लगेच ओळखतात.

आपण जन्मभर टाळ्या वाजवायला मुलांबरोबर असणार नाही. पडल्यावर उठायची सवय मात्र त्यांच्याबरोबर राहील, असे मला वाटते.