अग्नि नव्हे, अरुंद वाट

गोमांतकांत शिरगांव येथे लईराई देवीच्या जत्रेत व्रतस्थ धोंड धगधगत्या निखाऱ्यांवरून चालतात. ता. ३ मे २०२५ च्या पहाटे तेथे निदान ६ भाविक प्राणांस मुकले. परंतु अग्नीने नव्हे, उताराच्या अरुंद वाटेवरील चेंगराचेंगरीने! आगीसाठी धोंड उपवास करून सिद्ध होतो. वाट सिद्ध कोणी करावयाची? २००५ साली मांढरदेवीसही शेंकडों जीव गेले. अंधेरी-घाटकोपरच्या गल्ल्यांत होळी पेटविणाऱ्या व मांडव घालणाऱ्या मंडळींनी हे दूरचे समजू नये. उत्सव बंद करा, असे आम्ही म्हणत नाही. मात्र बाहेर पडण्याची दुसरी मोकळी वाट दाखविल्याविना कोणीं परवानगी मागूं नये, व सरकारानें ती देऊं नये.